वैनी, फॉर्म सोळा कधी?

निवृत्त होऊन मला वर्ष झालं. तरी परवा महाद्वार रोडवर एका दुकानात साडीचा पदर उलगडून बघत होते, तर मागून दणदणीत आवाज आला, "वैनी, औंदा फॉर्म सोळा कवा?" वळून बघते तर आमच्या फाउंड्रीतला साच्याचं काम करणारा एक मोल्डर, बायकोबरोबर खरेदीला आलेला. मी म्हटलं, "अरे बाबा, मी आता तिथं नाही." तो म्हणाला, "ते ठावं हाय की. पर तुमास्नी बघितलं की तोंडातनं तेवढंच येतंय." दुकानदार हसला, मोल्डरची बायको हसली आणि खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. एकतीस वर्षं नोकरी करून मी मागे काही ठेवलं असेल तर हा प्रश्न.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी पगार विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी, दोन कपाटं आणि एक खिडकी. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि पंपाचे, ट्रॅक्टरचे भाग काढायचे. आत भट्टीपाशी उभं राहिलं की भुवया तापतात. मी बाहेर खिडकीपाशी तापायचे, तेही एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जास्त.

ज्यांना कधी नोकरी करावी लागली नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगते. फॉर्म सोळा हा मालकाने नोकरदाराला द्यायचा दाखला. गेल्या आर्थिक वर्षात तुला इतका पगार दिला, त्यातून इतका कर कापला आणि तो सरकारात भरला, एवढंच त्यात असतं. पण त्याच्यावाचून माणसाचं रिटर्न अडतं, बँकेतलं कर्ज अडतं. वर्ष संपतं एकतीस मार्चला, आणि एक एप्रिलला सकाळी माझ्या खिडकीशी पहिलं डोकं हजर. "वैनी, वरीस संपलं की. दाबा बटण आनि द्या."

या 'दाबा बटण'नं माझं आयुष्य खाल्लं. फॉर्मचे दोन भाग असतात. पगाराचा तपशील असलेला भाग आम्ही करतो. कर भरल्याचा भाग मात्र सरकारी पोर्टलवरून येतो, आणि तो आमच्या घाईनं येत नाही. दर महिन्याचा कापलेला कर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा. मार्चच्या कराला एप्रिलअखेरपर्यंत मुदत. दर तिमाहीला कुणाचा किती कर कापला त्याचं विवरण पाठवायचं, आणि शेवटच्या तिमाहीचं विवरण जातं मेअखेर. मग सरकारचा संगणक आमची विवरणं आणि भरलेले पैसे ताडून बघतो. त्याचं समाधान झालं की आमच्या पदरात तो कागद टाकतो. तो आमच्या भागाला जोडायचा, मालकांची सही घ्यायची आणि पंधरा जूनच्या आत वाटायचा. मध्ये एखाद्याचा पॅन नंबर चुकला तर दुरुस्तीचं विवरण भरायचं आणि पुन्हा वाट बघत बसायचं.

हा झाला सरकारी उशीर. माणसांचा उशीर निराळा. कर वाचवायचे पुरावे जानेवारीत द्या म्हणून मी डिसेंबरपासून बोंबलायचे, आणि ते यायचे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, गठ्ठ्यानं. एकानं घरभाड्याच्या बारा पावत्या दिल्या. बाराही एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेल्या. एप्रिलच्या पावतीवर भज्याच्या तेलाचा डाग होता, तो आरपार झिरपत मार्चच्या पावतीपर्यंत पोचला होता. मी पावत्या उजेडापुढं धरल्या. त्यानंही वाकून बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वैनी, कापा काय कापायचं ते."

दुसरे एक गृहस्थ विम्याची पावती घेऊन आले. मी नोंद करायला घेतली तर विमा कुणाचा या रकान्यात लिहिलेलं, 'म्हैस, मुऱ्हा, वय पाच वर्षे'. मी म्हटलं, "अहो, हा म्हशीचा विमा आहे. घरातल्या माणसांचा लागतो." गृहस्थ चिडलेच. "म्हस काय घरातली न्हाय व्हय? माज्या पगारावर घर चालतंय असं वाटतंय काय तुमास्नी? तिच्या दुधावर चालतंय!" याचं उत्तर आयकराच्या कायद्यालाही सुचलेलं नाही.

अशा गमती शंभर आहेत. पण ज्या एका फॉर्म सोळानं माझी झोप उडवली आणि ज्याचा मला अजूनही सर्वांत जास्त अभिमान वाटतो, तो सांगते. त्यात चूक माझी होती, हे आधीच कबूल करते.

आमच्या फाउंड्रीत एक रीत होती. प्रत्येक कामगाराला पितळेचा बिल्ला मिळायचा, त्यावर त्याचा नंबर कोरलेला. आता हजेरीला मशीनपुढं तोंड दाखवलं की भागतं, पण नंबर तेच राहिले. आणि बाप निवृत्त झाल्यावर पोरगा कामाला लागला तर त्याला बापाचाच नंबर मिळायचा. थोरल्या मालकांनी सुरू केलेली रीत. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढावं तसा बिल्ला चढायचा, आणि लोकांना त्याची जमिनीएवढीच किंमत होती.

बिल्ला नंबर दोनशे सतरा होता दत्तूमामांचा. टोप गावचे दत्तूमामा चौतीस वर्षं भट्टीवर होते. त्यांचा मुलगा सुशांत धातुकामाचा डिप्लोमा करून पुण्याला नोकरी करत होता. मामा निवृत्त व्हायच्या सुमारास आमच्याकडं भट्टी विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली आणि पोरगा घरी परत आला. त्याला नवा, चारशेच्या पुढचा नंबर मिळत होता. तो म्हणाला, "मला पप्पांचाच द्या." एक एप्रिलला कँटीनमध्ये कार्यक्रम झाला. फेटा, नारळ, पेढे. मामांनी स्वतःच्या छातीवरचा बिल्ला काढून पोराच्या शर्टाला लावला. उकळत्या लोखंडापुढं ज्यांचा हात कधी हलला नाही, त्यांना त्या दिवशी पिन लागेना. सगळे रडले. मीही रडले, आणि डोळे पुसत पुसत खुर्चीवर येऊन सुशांतची कॉम्प्युटरात नोंद करून टाकली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एक अनोळखी माणूस खिडकीशी आला. पांढरा सदरा, गांधी टोपी, काखेत प्लास्टिकची पिशवी, नजर एकदम कडक. "पगाराच्या बाई तुमीच काय?" म्हणाला, "मी शामराव. मलकापूरचा. तुमच्याकडच्या सुशांतचं स्थळ आलंय माज्या पोरीला. त्याचा फॉर्म सोळा बघायला आलोय."

मी म्हटलं, बसा. दुसऱ्याचा पगार असा खिडकीतून सांगता येत नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, "सांगू नगा. पोराच्या हातात द्या, मी त्याच्याकडनं बघतो. पर द्या तरी! बाप म्हणतोय अजून आला न्हाय. वरीस संपून दीड महिना झाला की. ह्यात कायतरी काळंबेरं हाय."

शामरावांचा संशय उगाच नव्हता. चहा घेता घेता त्यांनीच सांगितलं. थोरल्या मुलीच्या लग्नात मुलाचा पगार तोंडी सांगितला होता. लग्नानंतर तो निम्मा निघाला, आणि तीही नोकरी वर्षात गेली. "पोरगी आता मशीनवर ब्लाउज शिवून घर चालवतीया. माजी चूक, म्या इस्वास ठेवला. जलमभर दूध संस्थेत फॅट काढली बाई म्या. सख्ख्या भावाचं दूध मशीनला लावल्याबिगर घेतलं न्हाय. आनि पोरीच्या येळंला तोंडाच्या शब्दावर गेलो." हे सांगताना त्यांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

धाकट्या अश्विनीसाठी दोन स्थळं होती. एक सुशांत. दुसरा मुलगा पुण्याचा. पोरीचा कल सुशांतकडं होता, हे शामरावांनीच नाखुशीनं कबूल केलं. "पर पुन्याच्या पोरानं एप्रिलच्या धा तारखंलाच फॉर्म सोळा हातात दिला. हे बगा." त्यांनी पिशवीतून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. "त्याची कंपनी देती, तुमची का देत न्हाय?"

मी कागद बघितला. नुकत्याच संपलेल्या वर्षाचा, दोन्ही भागांसह, सही-शिक्क्यानिशी. तारीख एप्रिलची. तारीख मला खटकली, पण दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलायचा मला अधिकार नव्हता. म्हणून मी उलटं विचारलं, "संस्थेत दूध घातलं की बिल कधी देता?"

"धा दिवसांनी."

"आणि कुणी त्याच दिवशी बिल मागितलं तर?"

"कसं देनार? फॅट लागाय पायजे, बेरीज व्हाय पायजे, संघाकडनं पैसं याय पायजेत."

मग मी त्यांना वर सांगितलेलं सगळं रामायण सांगितलं. सात तारीख, तिमाही, मेअखेरचं विवरण, सरकारचा संगणक, पोर्टल. काही कंपन्या एप्रिलमध्ये पगाराचा कच्चा तपशील देतात, त्याला फॉर्म सोळा म्हणत नाहीत, हेही सांगितलं. संपल्यावर त्यांनी पुण्याचा कागद पुन्हा हातात घेतला, चष्म्याच्या वरून, मग खालून बघितला.

"म्हंजे सरकारचा कागद जूनशिवाय येत न्हाय."

"नाही."

"आनि ह्यो एप्रिलात आलाय."

शामराव कागदाची घडी घालत म्हणाले, "कार्बाइड लावलंय ह्याला." आंब्याचे दिवस होते, त्यामुळं मला वेगळं समजावून द्यावं लागलं नाही.

उठताना त्यांनी अट घातली. "पंधरा जूनपातूर थांबतो. आषाढ लागायच्या आत सुपारी फोडायची. आषाढात आमी शुभकार्य करत न्हाय, आनि फुडं दिवाळीपातूर माज्यानं थांबणं व्हनार न्हाय. दुसरं स्थळ बगाय लागंल." सुपारी फोडणं म्हणजे आमच्याकडं चारचौघांत लग्न पक्कं करणं. मी छाती पुढं काढून म्हटलं, "आमचा कागद उशिरा येईल, पण खरा येईल." असली वाक्यं माणसानं जपून बोलावीत.

बारा जूनला पोर्टलवरून कागद उतरले. मी एकेक उघडून बघत होते. दोनशे सतरा उघडला. पगार सुशांतचा, कर सुशांतचा, आणि नाव दत्तात्रय, म्हणजे आमचे दत्तूमामा. मी खिडकी लावून घेतली आणि पाणी प्यायले.

काय झालं होतं ते दोन मिनिटांत लक्षात आलं. त्या बिल्ल्याच्या दिवशी मी कॉम्प्युटरात सुशांतसाठी नवीन पान उघडलंच नव्हतं. नंबर तोच, म्हणून मामांचंच पान घेतलं, नाव बदललं, जन्मतारीख बदलली, बँकेचं खातं बदललं. पॅन नंबर दुसऱ्या पानावर होता, आणि मी दुसऱ्या पानावर गेलेच नाही. वर्षभर पोराचा कर बापाच्या पॅनवर जमा होत राहिला. दर तिमाहीला पोर्टल म्हणायचं, पॅन बरोबर आहे. होतंच बरोबर, फक्त माणूस दुसरा होता. रडत रडत कॉम्प्युटरवर काम करू नये, एवढं शहाणपण मला वयाच्या छपन्नाव्या वर्षी आलं.

मी बापलेकांना बोलावून घेतलं आणि सांगितलं. मामांनी फॉर्म हातात घेऊन पगाराचा आकडा बघितला आणि त्यांचे डोळे विस्फारले. "आयला! चौतीस वर्सं भट्टीम्होरं हुबा ऱ्हायलो तवा एवढा मिळाला न्हाय. आता घरात बसून मिळतोय व्हय?" त्या अवस्थेतही आम्ही तिघं हसलो. मग मामा गंभीर झाले आणि खिडकीतून आत वाकले.

"वैनी, एक करा की. नाव तेवढं बदलून छापा. पगार खरा हाय, कर खरा हाय, पोरगं खरं हाय. ह्यात खोटं काय हाय?"

खरं सांगते, माझा हात माउसकडं गेला होता. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळलं नसतं, आणि एका पोराचं लग्न जमलं असतं. शिवाय माझी चूक झाकली गेली असती, हा माझा खरा मोह होता. पण मग त्या पुण्याच्या मुलात आणि माझ्यात फरक तो काय? मी म्हटलं, "मामा, मी तसं करणार नाही. उद्या मी स्वतः मलकापूरला जाते."

सुशांत पहिल्यांदाच बोलला. "मी येतो."

"तू नको. चूक माझी आहे."

मामा फॉर्म माझ्यापुढं आपटून तडक निघून गेले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा रागावले होते, आणि मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मलकापूरच्या एसटीत बसले. चुकीचा फॉर्म पिशवीत होता. सुशांतला विचारूनच घेतला होता. तो म्हणाला होता, "दाखवा वैनी. लपवून काय करायचं?" सगळ्या वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते. शामरावांच्या दारात गेल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. मी सरळ फॉर्म काढून पुढं केला. "आलाय, पण चुकीचा आलाय. चूक माझी आहे."

त्यांनी वाचला. "ह्यो तर बापाचा हाय."

मी सगळं सांगितलं. बिल्ला, वारसाचा नंबर, कँटीनमधला कार्यक्रम, माझं रडणं, दुसरं पान. शामरावांचा चेहरा हलला नाही. आतल्या दारात अश्विनी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या तसाच. मुलगी गावातच औषधाच्या दुकानात कामाला होती. नीटस, मोजकं बोलणारी. तिनं मला एकच विचारलं.

"नंबर त्यास्नी कंपनीनं दिला, का त्यांनी मागून घेतला?"

"मागून घेतला. नवीन मिळत होता, नको म्हणाला."

तिनं मान डोलावली आणि तांब्या माझ्यापुढं ठेवला. "पप्पा, मला चालतंय."

"तुला चालतंय ते मला मेपासनं ठावं हाय," शामराव म्हणाले. "तुज्या थोरल्या भनीलाबी चाललं हुतं." मग माझ्याकडं वळले. आवाज तोच, पण धार जरा कमी झाली होती. "बाई, आपली चूक कागदावर घिऊन इतक्या लांब आलेलं मानूस म्या पयल्यांदाच बगितलं. संस्थेत तर फॅट चुकली की मशीनवर ढकलत हुते सगळे. पर मला कागद पायजे. पोराच्या नावाचा. सुपारी ठरवतो, शेवटच्या मुहूर्तावर, आषाढ लागायला तीन दिस असताना. कागद आला तर फोडू, न्हाय तर पावन्यास्नी जेवू घालून वाटंला लावू."

यापेक्षा न्यायाचं बोलणं मी कुठल्या साहेबाच्या तोंडून ऐकलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. चारही तिमाह्यांची दुरुस्ती-विवरणं भरली. सरकारचा संगणक एकेक तिमाही पचवत होता, आणि मी दर तासाला त्याचं तोंड बघत होते. पहिली झाली. दुसरी झाली. तिसऱ्या तिमाहीत तो तीन दिवस बसून राहिला. सगळ्या फाउंड्रीला आता ठाऊक झालं होतं. मोल्डर येता-जाता खिडकीत डोकावायचे, "वैनी, तिसरी झाली काय?" जशी काही मी परीक्षेला बसले होते. मालक एकदा म्हणाले, "मॅडम, इतकी चौकशी आपल्या ऑर्डरची कुणी करत नाही." मी त्यांच्याकडून दुसरी एक गोष्ट कबूल करून घेतली. बिल्ला वारसानं जाऊ दे, पण कॉम्प्युटरात प्रत्येकाला नवं पान. आजही तसंच चालतं. दत्तूमामाही रोज फोन करायचे. राग गेला नव्हता, पण फोन चुकत नव्हता. "झालं?" "नाही मामा." "बरं." इतकंच बोलणं व्हायचं.

चौथी तिमाही शनिवारी पार पडली. सुपारी रविवारी, बाराच्या मुहूर्ताला. मी लगेच पोर्टलवर कागदाची मागणी नोंदवली. ती मागणीसुद्धा रांगेत पडते, कधी काही तासांत येते, कधी दोन दिवसांत. रविवारी सकाळी आठला मी ऑफिस उघडून बसले. मामांच्या घरची मंडळी दोन गाड्या करून मलकापूरला निघाली होती, माझ्या भरवशावर. साडेनऊला कागद आला. नाव सुशांतचं. मी टाळी वाजवली, एकटीनं, रिकाम्या ऑफिसात. मालकांना फोन केला. ते घरच्या कपड्यांत, पायात स्लिपर घालून आले, सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "चला, मीच सोडतो. मलाही त्या माणसाला बघायचंय."

आम्ही पोचलो तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. मांडवात दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसलेली. मध्ये ताटात नारळ, पेढे, सुपारी. भटजी घड्याळ बघत होते. दत्तूमामा मला बघून उभेच राहिले, आणि माझा हसरा चेहरा बघून पुन्हा खाली बसले. मी फॉर्म सुशांतच्या हातात दिला. त्यानं उठून तो शामरावांच्या हातात दिला.

मला वाटलं, एक नजर टाकतील आणि खिशात ठेवतील. कसलं काय! शामरावांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. कंपनीचं नाव. पत्ता. सुशांतचं नाव, अक्षर अक्षर बोटानं. पॅन नंबर त्यांनी पोराकडं कार्ड मागून ताडून बघितला. पहिली तिमाही. दुसरी. भटजी खाकरले. अश्विनी आतून म्हणाली, "पप्पा, बास की आता."

"थांब गं. ह्या बाईनी ह्याच्यापायी महिना घालवला. मी धा मिनटं घालवू नगं?"

दुसरा भाग आला. पगाराचे आकडे बघून त्यांनी मान हलवली, समाधानानं. मग बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"बाई, ही रक्कम पगारातनं वजा का केलीया? कशापायी?"

मी बघितलं आणि जीव भांड्यात पडला. "ती स्टँडर्ड डिडक्शन. सरकार प्रत्येक पगारदाराला तेवढी सूट देतं. तेवढ्यावर कर नाही."

"त्याचा पुरावा कुठं जोडलाय?"

"त्याला पुरावा लागत नाही."

"पावती?"

"काही नाही. माणूस नोकरी करतो, त्याला खर्च असणारच, असं धरून चालतात."

शामरावांनी कागदावरून नजर काढली आणि सुशांतकडं बघितलं. पोरगा घामानं भिजला होता, पण त्यानं नजर खाली घातली नाही. शामरावांनी फॉर्म सोळाची नीट घडी घातली आणि सुशांतच्या खिशात ठेवला.

"एवढं संशयी सरकार," ते मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तेबी एका ओळीपुरता मान्सावर इस्वास ठेवतंय. मग मी कोण लागून गेलोय? फोडा सुपारी!"